चौदा नंबर

घाटंजीत रेंज फक्त जिनिंगच्या काटाघरात येते,
म्हणून आम्ही इथं जमतो.
काट्यावर गाडी नसली की आकडा थरथरत राहतो,
शून्य, चार किलो, शून्य, दोन किलो,
वारा मोजत असेल.
मोबाईल आवक रजिस्टरला टेकवून उभा.
शब्बीर पंक्चरचं दुकान पोरावर सोडून आलेला,
खुशालभाऊ कॉलेजचे शिपाई, नोकरी उरली आठ महिने,
आणि मी,
ज्यानं तीन वर्षं पोरींची स्कोअरशीट लिहिली
आणि बी.कॉम.चे दोन विषय राहू दिले.

सामना कोइंबतूरला. कॅमेरा एकच,
तोही कोपऱ्यात बांधलेला. बेंच निम्माच दिसतो.
वैजयंता मडावी निम्म्याच्या पलीकडे बसते.
पहिला महिनाभर आम्हाला तिचा फक्त गुडघा दिसला,
गुडघ्यावरचा निळा पट्टा,
आणि टाइमआउटला पाण्याची बाटली पुढं करणारा
तो लांबच लांब हात.
"थे पाय! तिचाच हात हाय!"
तेवढ्या हातासाठी आम्ही चाळीस मिनिटं बघतो.

इथं ती एका सामन्यात एकतीस गुण करायची.
कॉलेजमागचं सिमेंटचं कोर्ट,
पूस-माघात त्याच्या एका टोकाला कोणी तूर वाळत घाली,
मग सराव अर्ध्यावरच.
अमरावतीच्या कोचनं विचारलं, ही उंच पोरगी कुठली?
खुशालभाऊंनी पारव्याच्या पुढचं तिचं गाव सांगितलंच नाही.
म्हणाले, आमची.

नोव्हेंबरात तिला तीन मिनिटं चाळीस सेकंद मिळाली.
वहीत आहे: गुण शून्य, फाउल दोन, रिबाउंड एक.
त्या एकावर शब्बीरनं सगळ्यांना भजी चारली.
समालोचक आधी मंडावी म्हणाला, मग माधवी,
मग कंटाळून नुसतं चौदा नंबर.
"मडावी, बाप्पा," खुशालभाऊ मोबाईलला समजावत होते,
"म वर टिंब नाही."

आज समोर प्रणोती कोरडे.
जिचे पास वैजयंताला पाठमोरीही कळायचे,
ती आता पिवळ्या जर्सीत.
गेल्या साली निरोपाला थांबली नाही,
गाडीचं आरक्षण होतं म्हणे.
आणलेला हार आम्ही शेवटी कोर्टाच्या खांबाला घातला.
"दोघीबी आपल्याच," खुशालभाऊ म्हणाले.
"असं नसते ना भाऊ. एकीकडं तं व्हा लागन."
कोणी झालं नाही.
करार दोघींचेही एकाच हंगामाचे,
पुढचं आम्ही बोलत नाही.

तिसऱ्या क्वार्टरात चौदा नंबर उठली.
अख्खी दिसली, पायापासून डोक्यापर्यंत.
नेमका तेव्हाच सरकीचा ट्रक काट्यावर चढला,
ड्रायव्हर हॉर्न देतोय, आकडा स्थिर होईना,
मी एक डोळा इकडे, एक तिकडे.
फाउल. प्रणोतीला दोन फ्री थ्रो.
ती रेषेवर, वैजयंता बाजूला वाकून उभी,
आणि दोघींनी एकाच वेळी उजवा पाय उचलून
बुटाचा तळ तळहातानं पुसला,
मग डावा.

तिथं लाकडाची फरशी आहे, आरशासारखी.
खेळ थांबला की एक पोरगा फडकं घेऊन पळत येतो.
तिथं कुठली आली धूळ?

शब्बीर आपल्या ग्रीसच्या हातांकडे बघत राहिला.
खुशालभाऊ, जे रोज सकाळी ते कोर्ट झाडतात
आणि ज्यांना रोज मास्तर म्हणतात नीट झाडा,
चष्मा पुसू लागले.

पहिला गेला आत.
दुसरा रिंगवर दोनदा नाचला, बाहेर आला,
आणि लांबच लांब हातानं तो वरूनच उचलला.
रिबाउंड दोन, मी लिहिलं.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं आत घातलं.
"कोन जितून रायलं?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
"अकरा हजार दोनशे चाळीस," मी म्हणालो.
"घे. पावती घे."